नव्या नावाआधीचे नव्वद दिवस

२०१४ च्या ऑगस्टनंतर जगभरातल्या काही कंपन्यांच्या संगणक विभागांना एक अनोळखी आकडा दिसू लागला : १२७.०.५३.५३. कालपर्यंत सुरळीत चालणारा कार्यालयातला सर्व्हर आज सापडत नव्हता, आणि कारण शोधायला नोंदी उघडल्या की तिथे हा आकडा. तो मुद्दाम निवडलेला होता. १२७ ने सुरू होणारे पत्ते प्रत्येक संगणकाने स्वतःपुरते राखलेले असतात. त्या पत्त्यावर पाठवलेली माहिती यंत्राबाहेर पडतच नाही. ५३ हा इंटरनेटवर नावांची चौकशी जिथे होते त्या पोर्टचा क्रमांक. जाणकाराला एवढी खूण पुरेशी होती. तुमच्या यंत्रणेतल्या एखाद्या नावात घोळ आहे, तो आत्ताच निस्तरा; नव्वद दिवसांनी हे नाव दुसऱ्याच कोणाचे तरी होणार आहे, असा तो निरोप होता.

हा साधासा निरोप तयार होण्याआधी जवळपास दीड वर्ष कडाक्याचा वाद झाला. एका बाजूला लाखो डॉलर भरून ताटकळलेले अर्जदार, दुसऱ्या बाजूला ‘थांबा, आधी तपासू द्या’ म्हणणारे सुरक्षातज्ज्ञ. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, आणि म्हणूनच तो वाद समजून घेण्यासारखा आहे.

इंटरनेटवरच्या पत्त्याचा शेवटच्या ठिपक्यानंतरचा भाग आपल्या आडनावासारखा असतो. .कॉम, .ऑर्ग, .इन ही अशी आडनावे. (ती रोमन लिपीत असतात, इथे देवनागरीत लिहितो आहे.) १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही नावांची व्यवस्था मांडली आणि पुढच्या दोन वर्षांत मोजकी आडनावे ठरली. या आडनावांची एक मूळ यादी असते. ‘ए’ ते ‘एम’ अशा तेरा अक्षरांनी ओळखले जाणारे मूळ सर्व्हर आणि जगभर विखुरलेल्या त्यांच्या प्रती ती यादी सांभाळतात. कोणत्याही संगणकाने ‘हे आडनाव कुठे राहते?’ असे विचारले की शेवटी उत्तर या यादीतून येते. यादीत नसलेले आडनाव विचारले, तर ‘असे कोणी नाही’ असे स्पष्ट उत्तर मिळते. हे नकाराचे उत्तर लक्षात ठेवा. सगळा वाद त्याच्याभोवती फिरतो.

मूळ यादीत काय असावे हे आयकॅन ही संस्था ठरवते. २००० मध्ये तिने .इन्फो, .बिझ, .म्युझियम अशी सात नवी आडनावे निवडली, पुढे आणखी काही. तरी २०१२ पर्यंत देशांची आडनावे सोडली तर एकूण संख्या फक्त २२ होती. मग २० जून २०११ रोजी सिंगापूरच्या बैठकीत आयकॅनने दरवाजा सताड उघडायचे ठरवले. कोणीही अर्ज करावा, कोणतेही नाव मागावे. शुल्क प्रत्येक अर्जाला १,८५,००० डॉलर. १२ जानेवारी २०१२ पासून अर्ज घेणे सुरू झाले आणि १,९३० अर्ज आले. नुसत्या शुल्काची रक्कम ३५ कोटी डॉलरच्या वर जाते. एकच नाव अनेकांनी मागितल्यामुळे वेगवेगळी नावे होती सुमारे १,४००. बावीसांच्या वाड्यात चौदाशे नवे बिऱ्हाडकरू येणार होते.

नवी नावे आली तर धोका कसला? पोस्टाचे उदाहरण घेऊ. एखाद्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात. ‘गुरुजी, वरची आळी’ एवढे लिहिलेली चिठ्ठी गावातल्या गावात बरोबर पोहोचते. कधी चुकून ती शहरातल्या पोस्टाच्या पेटीत पडली, तर ‘पत्ता अपुरा’ असा शिक्का बसून परत येते. गैरसोय होते, पण चिठ्ठी परक्याच्या हाती जात नाही. आता समजा, सरकारने खरोखरच ‘वरची आळी’ नावाचे नवे गाव वसवले आणि तिथे पोस्ट ऑफिस उघडले. आजवर परत येणाऱ्या सगळ्या चिठ्ठ्या त्या गावी पोहोचतील आणि तिथले लोक त्या उघडून वाचतील. पाठवणाऱ्याने काहीच बदललेले नसते. बदल दुसरीकडे झाला आणि त्याची जुनी सवय धोक्याची ठरली.

कंपन्यांच्या अंतर्गत जाळ्यांत नेमके हेच चालले होते. आतल्या सर्व्हरांना नावे द्यावी लागतात. ती बाहेरच्या जगात नोंदवायची तर खर्च आणि खटपट आली, म्हणून लोकांनी मूळ यादीत नसलेली आडनावे बिनदिक्कत वापरली : .कॉर्प, .होम, .लॅन, .लोकल. यात ‘कॉर्प’ विशेष रुजले, कारण मायक्रोसॉफ्टच्या जुन्या विंडोज सर्व्हरमध्ये आणि त्यांच्या मार्गदर्शक कागदपत्रांत उदाहरण म्हणून हेच नाव असे. जोडणी करणाऱ्या अभियंत्यांनी उदाहरण जसेच्या तसे उतरवले. कार्यालयाच्या चार भिंतींत ते चालत राहिले. पण लॅपटॉप घरी येतो, विमानतळावर उघडतो, हॉटेलच्या वायफायला जोडला जातो. तिथेही तो सवयीने आतल्या सर्व्हरचे नाव पुकारत राहतो : माझा ईमेल कुठे आहे, माझी परवानगी तपासणारा सर्व्हर कुठे आहे. ही हाक मूळ सर्व्हरांपर्यंत जाते आणि ‘असे कोणी नाही’ हे उत्तर घेऊन परत येते. अशी अब्जावधी उत्तरे वर्षानुवर्षे दिली जात होती आणि त्या नकारामुळेच सगळे सुरक्षित होते.

काही प्रणाली तर त्या नकारावर उभ्याच होत्या. अर्धवट नाव टाइप केले की संगणक आधी ते पूर्ण नाव समजून बाहेर विचारतो. नकार आला की कंपनीचे आडनाव जोडून पुन्हा विचारतो. पहिल्या विचारणेला नकाराऐवजी कोणाचा तरी होकार येऊ लागला, तर दुसरी विचारणा होणारच नाही. कर्मचाऱ्याचा संगणक परक्या सर्व्हरशी बोलू लागेल, कदाचित त्याला पासवर्डही सांगून बसेल.

याहून गंभीर गोष्ट प्रमाणपत्रांची होती. ब्राउझरमध्ये कुलपाचे चिन्ह दिसते, ते ‘हे संकेतस्थळ खरोखर त्याच मालकाचे आहे’ असे सांगणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्रामुळे. ही प्रमाणपत्रे देणाऱ्या कंपन्या अंतर्गत नावांनाही प्रमाणपत्रे देत असत. त्या नावाचा बाहेर कोणी मालकच नाही, म्हणून मालकीचा पुरावा मागायचा प्रश्नही नव्हता. आयकॅनच्या सुरक्षा आणि स्थैर्य सल्लागार समितीने मार्च २०१३ च्या अहवालात दाखवले की अशी किमान ३७,२४४ प्रमाणपत्रे चलनात होती आणि १५७ संस्थांनी ती दिली होती. एका संशोधकाने तर आधीच अर्ज आलेल्या .साइट या आडनावाखाली प्रमाणपत्र मागून पाहिले आणि ते मिळाले. उद्या .साइट सुरू झाले असते तर ते प्रमाणपत्र हाती असलेल्याला तिथल्या एका खऱ्या संकेतस्थळाचे सोंग आणता आले असते आणि ब्राउझरने निमूटपणे कुलपाचे चिन्ह दाखवले असते.

इथे समितीने केलेली गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिने आधी गुपचूप प्रमाणपत्र कंपन्यांच्या संघटनेला गाठले. त्यांचे जुने वेळापत्रक ही प्रथा २०१६ पर्यंत बंद करायचे होते. ते बदलून घेण्यात आले. आयकॅनचा एखाद्या नव्या आडनावासाठी करार झाला की १२० दिवसांत त्या आडनावाची जुनी प्रमाणपत्रे रद्द करायची असा नियम झाला, आणि मगच अहवाल जाहीर झाला. आयकॅननेही नव्या आडनावधारकांना कराराच्या तारखेपासून १२० दिवस एकही नाव चालू करायला मनाई केली. या विलंबाची लांबी मोजलेली होती, कारण सांगितलेले होते आणि शेवटची तारीख ठरलेली होती. त्यावर फारशी कुरकुर झाली नाही.

खरी धुसफूस झाली ती नावांच्या टकरीवरून. व्हेरिसाइन या कंपनीने २८ मार्च २०१३ रोजी एक अहवाल काढून घाई न करण्याचा इशारा दिला. व्हेरिसाइन .कॉम चालवते. तेव्हाच तिच्याकडे दहा कोटींहून अधिक नावे नोंदलेली होती. नवी आडनावे म्हणजे तिची स्पर्धा. त्यामुळे अर्जदारांनी लगेच म्हटले की धोक्याचे हे ढोल धंदा वाचवण्यासाठी आहेत. संशय अगदीच बिनबुडाचा नव्हता. पण व्हेरिसाइन स्वतः काही नव्या नावांची अर्जदार होती आणि इतर कितीतरी अर्जदारांची तांत्रिक सेवाही तिच्याकडे होती, हे त्या गदारोळात विसरले गेले. पेपाल कंपनीच्या सुरक्षा विभागानेही .कॉर्प आणि .होमसारख्या नावांबद्दल आयकॅनला पत्र लिहिले होते, आणि तिला .कॉमच्या विक्रीशी काही देणेघेणे नव्हते. इशारा देणाऱ्याचा हेतू तपासावा, पण इशारा खरा की खोटा हे त्यावरून ठरवू नये. तो वेगळा तपासावा लागतो.

आयकॅनने तो तपासायला दिला इंटरआइल या सल्लागार संस्थेकडे. ऑगस्ट २०१३ मध्ये निष्कर्ष आले. मूळ सर्व्हरांकडे येणाऱ्या चौकश्या दरवर्षी सुमारे दोन दिवस नोंदवून ठेवल्या जातात. त्या नोंदींत मागितलेली नावे आधीच किती वेळा पुकारली जातात हे मोजले गेले. .होम आणि .कॉर्प इतरांच्या कितीतरी पुढे होती. आयकॅनने प्रस्ताव मांडला : ही दोन नावे द्यायचीच नाहीत, सुमारे ८० टक्के नावे कमी धोक्याची, त्यांना जाऊ द्यायचे, आणि उरलेल्या २० टक्क्यांचा धोका अजून मोजता आलेला नाही म्हणून तीन ते सहा महिने आणखी अभ्यास.

या २० टक्क्यांत सापडलेल्या अर्जदारांचा संताप समजण्यासारखा आहे. २०१२ च्या एप्रिलमध्ये अर्जप्रणालीतल्या एका दोषामुळे काहींना दुसऱ्या अर्जदारांच्या फायलींची नावे दिसली होती आणि प्रणाली काही आठवडे बंद ठेवावी लागली होती. अर्ज कोणत्या क्रमाने तपासायचे यासाठी ‘डिजिटल तिरंदाजी’ नावाची एक स्पर्धा आखून पुढे ती रद्द झाली. शेवटी डिसेंबरमध्ये सोडत काढावी लागली. आता दीड वर्ष उलटल्यावर सांगितले जात होते की आणखी थांबा. मोठ्या कंपन्या असा काळ सोसतात. गुगलने शंभरावर अर्ज केले होते. तिला एका नावाचा सहा महिन्यांचा खोळंबा काय जाणवणार? एकच नाव मागून, कर्मचारी नेमून, गुंतवणूकदारांना तारीख देऊन बसलेल्या लहान संस्थेला तोच खोळंबा बुडवू शकतो. सुरक्षेच्या नावाने होणाऱ्या विलंबाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, ही गोष्ट सुरक्षातज्ज्ञांनी पुरेशी लक्षात घेतली नाही असे माझे मत आहे.

शिवाय नुसती मोजणी फसवी होती. ऑस्ट्रेलियातल्या कॉमनवेल्थ बँकेने स्वतःच्या आद्याक्षरांचे .सीबीए हे आडनाव मागितले होते, आणि ते अनिश्चित धोक्याच्या गटात टाकले गेले. बँकेने उत्तर दिले की या नावाच्या चौकश्या मुख्यतः आमच्याच जाळ्यातून येत आहेत. धोका आमचा आम्हालाच आहे आणि तो आम्ही आवरू शकतो. आकड्यात हे कुठेच दिसत नव्हते. क्रोम ब्राउझरची गोष्ट याहून बोलकी आहे. तो उघडताना आपले इंटरनेट कोणी खोटी उत्तरे देऊन वळवत तर नाही ना, हे पाहण्यासाठी तीन निरर्थक नावे विचारत असे. २०२० मध्ये संशोधकांनी मोजले तेव्हा मूळ सर्व्हरांवरच्या चौकश्यांपैकी जवळपास निम्म्या या एका सवयीमुळे येत होत्या. त्या लाखो हाकांत धोका शून्य. उलट एखाद्या दवाखान्याच्या यंत्राने दिवसातून दोनदा मारलेली हाक मोजणीत कुठे नजरेसही पडत नाही, पण ती चुकीच्या ठिकाणी पोहोचली तर माणसाच्या जिवाशी गाठ.

सगळ्यात खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. आयकॅनच्या त्याच सल्लागार समितीने नोव्हेंबर २०१० मध्ये, म्हणजे सिंगापूरच्या निर्णयाआधी सात महिने, मूळ सर्व्हरांवर अस्तित्वात नसलेल्या आडनावांच्या चौकश्यांचा लोंढा येतो आणि नवी आडनावे देताना तो ध्यानात घ्यावा, असा लेखी सल्ला दिला होता. तेव्हा पैसे भरलेले नव्हते, अर्ज आलेले नव्हते, कोणाला तारखा दिलेल्या नव्हत्या. तेव्हा सहा महिने अभ्यास केला असता तर त्याला कोणी विलंब म्हटले नसते. २०१३ च्या खोळंब्याचा दोष सुरक्षातज्ज्ञांवर टाकण्यात आला. माझ्या मते तो २०१० च्या दुर्लक्षाचा आहे.

२०१३ च्या ऑक्टोबरमध्ये आयकॅनने मधला मार्ग काढला. ७ ऑक्टोबर २०१३ च्या योजनेनुसार ज्यांना पुढे जायचे त्यांनी आपल्या आडनावाखाली पूर्वी पुकारली गेलेली सगळी नावे सध्या कुलूपबंद ठेवायची. बाकीची विकायला मोकळीक. कुलूपबंद नावांच्या याद्या हजारोंच्या घरात गेल्या. नंतर २३ ऑक्टोबर २०१३ रोजी या फेरीतली पहिली चार आडनावे मूळ यादीत आली. त्यांतले एकही रोमन लिपीतले नव्हते : एक अरबी, दोन रशियन, एक चिनी. इंग्रजी न येणाऱ्यांसाठी हा दिवस किती उशिरा उगवला याचा विचार केला की अर्जदारांची घाई निव्वळ पैशांची नव्हती हे पटते.

पण कुलूपबंद याद्या हा उपाय अर्धाच होता. वर्षातून दोन दिवसांच्या नोंदीत जे सापडले तेवढेच कुलपात, बाकीचे उघडे. कायमचा मार्ग शोधण्याचे काम जेएएस ग्लोबल अॅडव्हायझर्स या संस्थेला दिले गेले आणि तिथून ‘नियंत्रित अडथळा’ ही कल्पना पुढे आली. तिचा गाभा असा : नवे आडनाव मूळ यादीत आणायचे, पण पहिले नव्वद दिवस त्याखालच्या कोणत्याही नावाला एकच उत्तर द्यायचे, १२७.०.५३.५३. ज्या कोणाची यंत्रणा हे नाव चोरून वापरत असेल तिला नकाराऐवजी हे उत्तर मिळेल आणि ती अडखळेल. काम बंद पडेल, पण माहिती बाहेर जाणार नाही, कारण तो पत्ता संगणकाला स्वतःकडेच वळवतो. अडखळलेला माणूस आकडा इंटरनेटवर शोधेल आणि त्याला आयकॅनचे स्पष्टीकरण सापडेल. सोबतच्या एका नोंदीत तर सरळ वाक्यच लिहिलेले होते की तुमच्या डीएनएसच्या मांडणीकडे तातडीने लक्ष द्या. ३० जुलै २०१४ रोजी ही चौकट मंजूर झाली.

या उपायाचे मला जे आवडते ते असे. कोण कुठे कोणते नाव वापरते हे जगभर फिरून कोणालाच मोजता आले नसते. अभ्यास दहा वर्षे चालला असता तरी यादी अपुरीच राहिली असती. म्हणून धोक्यात असलेल्याला शोधत बसण्याऐवजी त्यालाच जाग येईल अशी तजवीज केली गेली. गॅसला मुद्दाम वास घालतात तशी. वासाने त्रास होतो, पण गळती कळते. आणि नव्वद दिवस हा विलंबही मोजलेला. तो संपणार हे सर्वांना ठाऊक.

जेएएसच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट हाती आली, जिची कोणी अपेक्षा केली नव्हती. नावांच्या टकरी तपासताना विंडोजमध्येच एक गंभीर भगदाड आढळले. कंपनीच्या जाळ्यातला संगणक मुख्य सर्व्हरकडून आपले नियम घेतो, आणि मध्ये बसलेल्या हल्लेखोराला ते नियम बदलून संगणकाचा ताबा घेता येत होता. दोष सुमारे पंधरा वर्षे जुना होता. जानेवारी २०१४ मध्ये तो मायक्रोसॉफ्टला कळवला गेला आणि दुरुस्ती यायला १० फेब्रुवारी २०१५ उजाडले. तोवर अहवालाचा तो भाग झाकून ठेवण्यात आला. ‘थांबा, पाहू द्या’ म्हणणाऱ्यांचे हे सर्वांत मोठे श्रेय. नव्या नावांची गडबड झाली नसती तर ते भगदाड आणखी किती वर्षे उघडे राहिले असते कोण जाणे.

याचा अर्थ सगळे धोके टळले असा नाही. मे २०१६ मध्ये अमेरिकी सरकारच्या संगणक सुरक्षा पथकाने इशारा काढला. घरी आलेले कार्यालयीन लॅपटॉप आपल्या जाळ्याचा प्रॉक्सी सर्व्हर आपोआप शोधायला हाक मारतात, आणि ती हाक आता नव्या आडनावांखाली खरोखर पोहोचू शकत होती. तिथे ते नाव विकत घेऊन बसलेल्या कोणालाही त्या लॅपटॉपची सगळी वाहतूक स्वतःकडून वळवता आली असती. .डेव्ह हे नाव प्रोग्रामर मंडळी आपल्या संगणकावरच्या कच्च्या कामासाठी सर्रास वापरत. ते गुगलला मिळाले, आणि डिसेंबर २०१७ मध्ये क्रोमने .डेव्हसाठी सुरक्षित जोडणी सक्तीची केली तेव्हा अनेकांची कामे एका सकाळी बंद पडली. इजा झाली नाही, डोकेदुखी भरपूर झाली.

.कॉर्प, .होम आणि .मेल या तीन नावांबाबत मात्र नव्वद दिवसांचा उपाय पुरणारा नव्हता. ती इतकी मुरलेली होती की जाग करून देऊन भागणार नव्हते. ४ फेब्रुवारी २०१८ रोजी आयकॅनच्या मंडळाने ती देणार नाही असे ठरवले आणि उरलेल्या वीसएक अर्जदारांना पैसे परत देऊ केले. निर्णय बरोबरच होता. पण ‘नाही’ म्हणायला सहा वर्षे घेणे हा अन्याय होता. .होम आणि .कॉर्प द्यायची नाहीत हे २०१३ च्या ऑगस्टमध्येच दिसत होते. साडेचार वर्षे त्या लोकांना ना होकार ना नकार. ज्याला नकार कळला तो दुसरा उद्योग बघतो. टांगून ठेवलेल्याला तेही करता येत नाही.

निर्णय किती योग्य होता याचा पुरावा दोन वर्षांनी मिळाला. कॉर्प.कॉम हे नाव १९९० च्या दशकापासून एका व्यक्तीकडे होते. विंडोजच्या त्याच जुन्या सवयीमुळे जगभरातले भरकटलेले संगणक या पत्त्यावर येऊन आदळत. २०१९ मध्ये जेएएसने तपासले तेव्हा पावणेचार लाखांहून अधिक विंडोज संगणक तिथे नको ती माहिती पाठवू पाहत होते. मालकाने नाव विकायला काढताच ते भलत्याच्या हाती जाण्याची भीती उभी राहिली. एप्रिल २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनेच ते विकत घेतले. एका कॉर्प.कॉमची ही अवस्था, तर अख्ख्या .कॉर्प आडनावाची काय झाली असती याची कल्पना करा.

मराठी वाचकाला या वादाची दुसरी बाजू अधिक जवळची वाटेल. ती लिपीची. देवनागरीतले .भारत हे आडनाव २०११ मध्ये मूळ यादीत आले, पण लोकांना त्याखाली नावे घेता येऊ लागली ती २७ ऑगस्ट २०१४ पासून. पहिल्या तुकडीच्या आठ भाषांत मराठी आणि कोकणी होत्या. इथेही प्रश्न सुरक्षेचा होता. गुरुमुखीतला ट आणि ठ आपल्या ट-ठशी इतका मिळता की बँकेच्या नावातले एक अक्षर बदलून लोकांना गंडवता येईल. एकाच दिसणाऱ्या अक्षराच्या दोन वेगवेगळ्या संगणकीय नोंदी असू शकतात. काही चिन्हे तर डोळ्यांना दिसतच नाहीत. म्हणून मूळ यादीच्या नियमांत अदृश्य जोडचिन्हांना मज्जाव केला गेला.

हा मज्जाव मराठीच्या मुळावर आला असता. आपण ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ वेगळे लिहितो. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक चुकला तर अर्थाचा अनर्थ. हा अर्धचंद्री र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो, आणि त्यांतला एक अदृश्य चिन्हावर अवलंबून आहे. तो रस्ता बंद झाल्यावर दुसरा, म्हणजे खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ अक्षराचा रस्ता, नियमांत उघडा राहायलाच हवा होता. ब्राह्मीपासून निघालेल्या भारतीय लिप्यांसाठी नेमलेल्या पॅनेलने त्याला परवानगी दिली. मराठी जाणणारी माणसे त्या कामात नसती तर हिंदीच्या हिशेबाने हे अक्षर सहज गळले असते.

बल्गेरियाला याहून कडू अनुभव आला. त्यांनी स्वतःच्या सिरिलिक लिपीत देशाचे दोन अक्षरी आडनाव मागितले. २०१० मध्ये ते नाकारले गेले, कारण ते ब्राझीलच्या रोमन आडनावासारखे दिसते. बल्गेरियाच्या लोकांना आपली अक्षरे ओळखू येत होती. ज्यांना येत नव्हती त्यांच्या संभ्रमासाठी ते थांबले. फेरविचाराची वेगळी पद्धत तयार व्हावी लागली, आणि २०१६ मध्ये एकदाचे ते मूळ यादीत आले. सहा वर्षे. फसवणुकीची भीती काल्पनिक नव्हती : सिरिलिक अक्षरे वापरून हुबेहूब ‘ॲपल.कॉम’ दिसणारा पत्ता एका संशोधकाने २०१७ मध्ये उभा करून दाखवला होता. पण तो पत्ता .कॉमखालचा होता, आणि उपायही ब्राउझर बनवणाऱ्यांनी केला. एका देशाचे आडनाव अडवून ती फसवणूक थांबणार नव्हती.

नव्या आडनावांची पुढची फेरी आयकॅनने ३० एप्रिल २०२६ पासून ठरवली, मागच्या फेरीनंतर चौदा वर्षांनी. शुल्क २,२७,००० डॉलर. या वेळी मागितलेले प्रत्येक नाव अर्जदाराच्या हाती देण्याआधी तात्पुरते मूळ यादीत ठेवून त्याच्याकडे किती आणि कसल्या हाका येतात हे पाहायचे ठरले आहे. म्हणजे २०१३ मध्ये जे पैसे घेतल्यावर सुचले, ते आता नियमांत आधीच लिहिलेले आहे. आणि २९ जुलै २०२४ रोजी आयकॅनने .इंटर्नल हे आडनाव कायमचे राखून ठेवले. ते कधीच कोणाला दिले जाणार नाही. ज्याला आपल्या आतल्या जाळ्यासाठी फुकट नाव हवे त्याने ते बिनघोर वापरावे.

तुम्ही एखाद्या शाळेचे, पतसंस्थेचे, दवाखान्याचे किंवा छोट्या कारखान्याचे संगणक सांभाळत असाल, तर एक काम या आठवड्यात करा. आतल्या सर्व्हरला, छपाईयंत्राला, कॅमेऱ्यांच्या नोंदणीला कोणते आडनाव दिले आहे ते पाहा. दहा वर्षांपूर्वी जोडणी करून गेलेल्या माणसाने काय लिहिले होते हे बहुतेक ठिकाणी आज कोणालाच आठवत नसते. ते नाव तुमच्या स्वतःच्या नोंदवलेल्या डोमेनखालचे किंवा .इंटर्नल नसेल, तर बदलून घ्या.